खंडूची इयत्ता

कुत्र्याला कितवीपर्यंत शिकवावं, हा प्रश्न कामोठ्यात अगदी अलीकडेपर्यंत कुणाला पडलेला नव्हता. सिडकोनं जमिनी घेण्याआधी इथं भाताची खाचरं होती, मागं खाडी होती आणि कुत्रे अंगणात असत. तिथंच जन्मत, तिथंच वाढत आणि रात्री कोण आलं-गेलं याविषयीचं आपलं मत मोठ्यानं नोंदवत. त्यांना 'बस' म्हणायची वेळ येत नसे. ते बसलेलेच असत. पुढं खाचरांच्या जागी सेक्टर आले, सेक्टरांत इमारती उभ्या राहिल्या, इमारतींना लिफ्ट आल्या आणि कुत्रा चौथ्या मजल्यावर राहायला गेला. चौथ्या मजल्यावर राहायचं म्हणजे शिक्षण आलंच.

आमचा खंडू हा या स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीतला. खांदेश्वर स्टेशनाबाहेर रिक्षांच्या रांगेपाशी तो मुलीला सापडला, म्हणून खंडू. वय डॉक्टरांच्या अंदाजानं दोनेक महिने, रंग तांबूस, एक कान उभा आणि दुसऱ्याचा निर्णय अजून प्रलंबित. तो आला त्याच आठवड्यात त्याच्या शिक्षणाची चर्चा सुरू झाली. आमच्या घरात शिक्षणाच्या चर्चेला निमित्त लागत नाही, इथं तर ते समोर बसून चप्पल खात होतं.

शेजारच्या इमारतीतून ट्रेनरचा नंबर मिळाला. ट्रेनर म्हणजे पंचविशीतला एक अतिशय नम्र मुलगा. त्याला सगळे 'सर' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. सरांनी मोबाइलवर तक्ता दाखवला. पपी, बेसिक, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स. शिवाय 'गार्ड' आणि 'ऑफ लीश' हे विशेष विषय. आठवीपासूनच आयआयटीची तयारी करून घेणाऱ्या क्लासचे फलक पनवेलभर लागलेले असतात, तसाच हा मामला. मूल काय होणार हे ठरण्याआधी त्याचं 'फाउंडेशन' भरून टाकायचं.

"पपीचा कोर्स घेतला की बेसिकला सवलत आहे," सर म्हणाले.

"आणि ॲडव्हान्सला काय येतं?" बायकोनं विचारलं.

"पेपर आणून देतो, मॅडम."

"पेपर आमच्या दाराच्या कडीलाच अडकवलेला असतो."

सर क्षणभर थांबले. "मग गार्ड घ्या. अनोळखी माणूस आला की धावून जाईल."

"ते तो आत्ताही करतो. काल गॅसवाल्यावर गेला होता."

"तसं नाही मॅडम, सांगितल्यावर जाईल."

"आणि सांगितलं नाही, तर?"

याचं उत्तर तक्त्यात नव्हतं. बायकोला कुत्र्यांतलं फारसं कळत नाही असं ती स्वतःच म्हणते, पण विषयाच्या मर्मावर तिनं पहिल्याच बैठकीत बोट ठेवलं होतं. सांगितल्यावर काय करतो यासाठी माणसं पैसे मोजतात. सोसायटीत तक्रारी येतात त्या सांगितलं नसताना काय करतो याबद्दल.

सर विचार करायला वेळ देऊन गेले आणि घरात मतांचा पूर आला. आईचं म्हणणं, त्याला नमस्कार शिकवा, पाहुण्यांपुढं बरं दिसतं. मुलीला तो पट्ट्याशिवाय पायाशेजारून चालणारा हवा होता. तिनं तसा व्हिडिओ पाहिला होता. त्यातला कुत्रा कुठल्याशा हिरव्यागार कुरणात चालत होता. आमच्या सेक्टरात माणूससुद्धा दहा पावलं सरळ चालू शकत नाही. एका कडेला लावलेल्या गाड्या, दुसऱ्या कडेला वडापावची गाडी आणि मधून उलट्या दिशेनं येणारा डिलिव्हरीवाला. इथं पट्ट्याशिवाय फक्त गाय चालते, आणि तीही स्वतःच्या जबाबदारीवर. गावठाणातले आमचे एक जुने स्नेही चहाला आले होते. त्यांनी तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाले, "आमचं कुत्रं कदी शालंन गेलं नाय, पन चोराला वलखतं." मग जरा थांबून पुढं म्हणाले, "पावन्याला बी चोरच समजतं, ती गोष्ट येगली."

उच्चशिक्षित कुत्रा पाहायचा तर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लॅब्राडोर, नाव ब्रुनो. त्याला शेकहँड येतो, लोळण येते, बोटाचं पिस्तूल करून 'ठो' म्हटलं की तो मरून पडतो. प्रमाणपत्र फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलेलं आहे. अडचण एवढीच, की शेकहँड केला की बिस्किट मिळतं हे गणित त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असल्यामुळं तो जगातल्या प्रत्येक माणसाशी शेकहँड करायला पुढं होतो. जुलै महिन्यात, खालून चिखल तुडवून आल्यावर, लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला निघालेल्या बाईशीसुद्धा. त्यात ब्रुनोचा दोष नाही. ज्या गोष्टीचं बक्षीस मिळतं ती गोष्ट कुत्रा पुन्हा करतो, हे त्याच्या शिक्षणाचं मूळ तत्त्व आहे. ती कधी करू नये, हे शिकवायला मात्र वेगळे कष्ट पडतात, आणि तेवढ्यात कोर्स संपलेला असतो.

माझं मत असं, की शहरातल्या कुत्र्याची इयत्ता लिफ्टमध्ये ठरवावी. सहा माणसांची लिफ्ट. वेळ संध्याकाळी सातची. हार्बरची लोकल नुकतीच मानसरोवरला लोकांना ओतून गेलेली. (कामोठ्याच्या स्टेशनाचं नाव मानसरोवर आहे. हंस नाहीत, कुत्रे भरपूर.) आत एक बाई, तिच्या पिशवीत बोंबील. एक मुलगा, त्याच्या हातात चेंडू. एक आजोबा, त्यांच्या हातात काठी आणि मनात कुत्र्यांविषयी बालपणापासूनचं भय. आणि कोपऱ्यात खंडू. या प्रश्नपत्रिकेचं बरोबर उत्तर एकच: काहीही न करणं. बोंबलाकडं नाक न वळवणं, चेंडू हा आपला विषय नव्हे हे मान्य करणं, आजोबांच्या धोतराचा वास घेण्याचा मोह आवरणं आणि आपला मजला येईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहणं. यावर टाळ्या पडत नाहीत. अर्धा मिनिट काहीही न करणाऱ्या कुत्र्याचा व्हिडिओ कुणी पुढं पाठवत नाही, म्हणून हा धडा तक्त्यातही ठळक नसतो.

सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही आणि त्याला लिफ्ट नाकारता येत नाही, अशा मार्गदर्शक सूचना भारतीय पशू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये काढल्या आहेत. आमच्याकडं त्या सूचनांची छापील प्रत कमिटीच्या प्रत्येक बैठकीत फडकवली जाते. फडकवणाऱ्यांचं बरोबरच आहे. पण सूचनांनी लिफ्टचं दार उघडून दिलं, आतल्या आजोबांचं काय करायचं ते आपल्यावर सोडलं.

कुत्र्याच्या शिक्षणाचं शिखर म्हणून आपल्याकडं नाव घ्यावं ते जंजीरचं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा लॅब्राडोर पुण्यात शिकला आणि १९९२ च्या डिसेंबरअखेर पथकात रुजू झाला. तीन महिन्यांच्या आत, १२ मार्च १९९३ ला, मुंबईत स्फोटांची मालिका झाली. त्या काळात त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, सहाशे डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब हुडकून काढले, अशी त्याच्या नावावर नोंद आहे. २००० साली हाडांच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा पोलीस दलानं त्याला इतमामानं निरोप दिला. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला तेव्हा अशाच कामाला मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे होते; निवृत्तीनंतर ते विरारच्या एका फार्मवर राहायला गेले.

आता गंमत पाहा. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला माल सापडला की तो काय करतो? भुंकत नाही, उकरत नाही, पंजा मारत नाही. मारला तर त्याच्यासकट सगळेच जायचे. तो शांतपणे खाली बसतो आणि आपल्या माणसाकडं पाहतो. म्हणजे एवढी महिनोन्‌महिने मेहनत घेऊन, सरकारी रेशन खाऊन, तक्त्याच्या अगदी माथ्यावर पोचलेला कुत्राही शेवटी पहिल्या दिवशीचाच धडा म्हणून दाखवतो: बस. फरक इतकाच, की समोर आरडीएक्स असताना. आमच्यासमोर बोंबील आहेत.

हे घरी सांगितलं तेव्हा आईनं देवघराकडं हात केला. तिथं दत्ताची तसबीर आहे. आजवर शेकडो वेळा हात जोडले असतील, पण या नजरेनं कधी पाहिली नव्हती. चार कुत्रे, एकाच्याही गळ्यात पट्टा नाही. शेजारी गाय उभी, तिच्यावर कुणी धावून जात नाही. चौघांतला कुणी दुसऱ्यावर गुरगुरत नाही. ते चार वेद आहेत असं लहानपणापासून ऐकत आलो. मुलीनं मात्र "हे खरं ऑफ लीश" असं प्रमाणपत्र देऊन टाकलं. आई म्हणाली, "अगं, तीन शिरं आहेत मालकाला. सगळीकडं लक्ष असतं."

इंग्लंडात तिथल्या केनेल क्लबनं १९९२ पासून पाळीव कुत्र्यांच्या परीक्षा ठेवल्या आहेत: आधी पिल्लांची, मग ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. ब्राँझचा अभ्यासक्रम वाचून मला बरं वाटलं. दारातून जाताना मालकाला ओढू नये, माणसांतून आणि दुसऱ्या कुत्र्यांतून नीट चालावं, एक मिनिट पडून राहावं, अंगाला हात लावू द्यावा, हाक मारली की यावं. संपलं. यात कुठं पेपर आणणं नाही की मरून पडणं नाही. मालक नजरेआड असताना थोडा वेळ शांत राहणं हा विषय त्यांनी पार गोल्डला ठेवलाय. आमच्या इमारतीत नवराबायको दोघं सकाळची लोकल पकडून जातात ते रात्री येतात. इथल्या पिल्लाला गोल्डचा पेपर बालवर्गातच सोडवावा लागतो, आणि तो सुटला नाही की शेजारच्या काकूंना दिवसभर त्याचं रडणं ऐकावं लागतं. तेव्हा पातळी निवडताना आधी घरातलं वेळापत्रक पाहावं. जो कुत्रा दिवसभर एकटा राहणार आहे, त्याला आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास, असं एकटं राहायला शिकवणं हाच त्याचा ॲडव्हान्स कोर्स.

आणि या सगळ्यापेक्षा घाईची एक गोष्ट आहे, जी पैसे देऊन नंतर मिळत नाही. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं असतं तेव्हापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत त्याच्या मनाची दारं उघडी असतात. या काळात जे पाहिलं, ऐकलं, हुंगलं ते आपलं. पुढं भेटलेलं ते संशयास्पद. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा अमेरिकी संशोधकांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे तपासलं आणि १९६५ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. पंचाईत अशी, की हेच लसीकरणाचेही आठवडे. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका म्हणतात, आणि तोवर दारं मिटू लागलेली असतात. यावर जुना उपाय आहे: कडेवर घेणं. आमची मुलगी खंडूला कडेवर घेऊन संध्याकाळी कामोठं दाखवत फिरायची. रिक्षा, शाळा सुटल्यावरचा गोंधळ, छत्र्या, हेल्मेट घातलेली माणसं, भंगारवाल्याची आरोळी. लहान मुलांची गर्दी. एका काठीवाल्या आजोबांनी तर स्वतःहून बिस्किट दिलं. त्या एका बिस्किटानं लिफ्टमधला निम्मा पेपर सोडवून टाकला.

या गावात आवाजांचा अभ्यासक्रम वेगळाच आहे. लग्नसराईत गावठाणात आगरी हळद असते. बेंजो सुरू झाला की तो अंगणात वाजत नाही, आपल्या छातीत वाजतो. कुठल्याही परदेशी पुस्तकात हळदीच्या रात्रीवर प्रकरण नाही, म्हणून आम्हीच लिहिलं. आधी मोबाइलवर अगदी हळू आवाजात बेंजो लावायचा आणि खंडूच्या ताटलीत उकडलेलं चिकन ठेवायचं. चार दिवसांनी आवाज जरासा वाढवायचा, चिकन तेवढंच. तो बिचकला की पुन्हा मागं यायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात. आता खाली बेंजो लागला की तो ताटलीपाशी जाऊन उभा राहतो आणि आमच्याकडं पाहतो. शेजारच्यांना वाटतं, कुत्रा फार रसिक आहे. खाडीपलीकडच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ ला विमानं उडू लागली, तेव्हा त्यानं आकाशाकडं एकदा मान वर करून पाहिलं आणि ताटलीकडं गेला. विमानाला चिकन नसतं, हे त्याला अजून पटलेलं नाही.

फटाक्यांपुढं मात्र सगळी शास्त्रं थिटी पडतात. दिवाळीत खंडू न्हाणीघरात बसतो आणि आम्ही त्याला तिथं बसू देतो. भीतीला रागवून ती जात नाही, हे पोरांना वाढवताना कळलं नसेल तर कुत्रा शिकवतो.

मग तो आठ महिन्यांचा झाला आणि शिकलेलं सगळं विसरला. 'ये' म्हटलं की तो वळून पाहायचा, विचार करायचा आणि निघून जायचा. वॉचमननं शिट्टी घातली की धावत. घरात दोन तट पडले: एक, सर नापास; दोन, आता ॲडव्हान्स लावा. नेमक्या याच वयात माणसं वरचा कोर्स घेतात असं सरांनीही प्रांजळपणे सांगितलं. इंग्लंडातल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये हेच तपासून प्रसिद्ध केलंय. पाच महिन्यांचं असताना 'बस' ऐकणारं जनावर आठव्या महिन्यात स्वतःच्या माणसाचं ऐकेनासं होतं. तीच आज्ञा परक्यानं दिली तर पाळतं. त्याची वयात येण्याची वेळ असते, आणि ती सरते. तिथं वरच्या वर्गात ढकलून उपयोग नाही. खालच्याच वर्गातली उजळणी करायची, पट्टा थोडा लांब ठेवायचा आणि वॉचमनचा हेवा करायचा नाही. बायको म्हणाली, "आपल्या दोन्ही पोरांच्या वेळी हे विद्यापीठ कुठं होतं?"

कोर्सच्या बाहेर राहूनही शिकता येतं, याचा दाखला आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पायरीवर झोपतो. कानाला नसबंदीची खाच असलेला, बराच पोक्त काळा कुत्रा. रस्ता ओलांडण्याआधी तो थांबतो, दोन्हीकडं पाहतो आणि मोटारसायकलवाला पाहणार नाही हे गृहीत धरून निघतो. चिकनवाल्याची बंद व्हायची वेळ, कोणत्या आजींच्या हातात पोळी असते, कोणता पोरगा दगड मारतो, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याचं गुणगान मी एका मर्यादेपर्यंतच करीन. रात्री बाराला कामावरून परतणाऱ्या मुलाच्या स्कूटीमागं तोच पाच साथीदारांना घेऊन धावतो, आणि त्या मुलाला त्याच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक असण्याचं कारण नाही. पण खंडू त्याच्याकडून एक गोष्ट उचलून आलाय, जी आम्हाला तक्त्यातून शिकवता आली नव्हती: प्रत्येक भुंकण्याला उत्तर द्यायचं नसतं.

तर आमचा निकाल असा. खंडू बेसिकला आहे आणि तिथंच राहील. हाक मारली की येतो, बहुतेक वेळा. तोंडात धरलेलं सोडतो, कोंबडीचं हाड सोडून. लिफ्टमध्ये बसतो. एकटा राहतो. आईच्या आग्रहाखातर नमस्कारही शिकलाय, पण तो फक्त देवघरासमोर, कारण तिथं चिखलाचे पाय घेऊन कुणी जात नाही. ज्याच्या कुत्र्याला बुद्धीचं काम नसलं की घर खायला उठतं, त्यानं खुशाल ॲडव्हान्स लावावं. काही कुत्र्यांना खरोखरच डोक्याला खाद्य लागतं, आणि त्यांना ते मिळालं नाही तर ते सोफ्यातून काढून घेतात. बाकीच्यांनी आधी लिफ्ट, मग दार, मग एकटं राहणं, एवढं पक्कं करावं आणि उरलेल्या पैशांत रेबीजची लस न चुकता टोचून घ्यावी. पहिली तीन महिन्यांचा झाल्यावर, पुढच्या डॉक्टर सांगतील त्या तारखांना. तिच्यात बेसिक-ॲडव्हान्स असा प्रकार नसतो.